या नदीला घाट नाहीत

पत्र : आम्ही गेली काही वर्षं अमेरिकेत, नॉर्थ डकोटातल्या फार्गोत राहतो. मी, बायको आणि अकरा वर्षांची मुलगी. मे महिन्यात सांगलीहून माझे बाबा येताहेत, वय ६८. मेमोरियल डेच्या जोडसुट्टीत रेड नदीतून कनूने, म्हणजे वल्ह्यांच्या लांबट होडीने, फार्गोहून ग्रँड फोर्क्सला जायचं मनात आहे. अंतर ८० मैल, तीन दिवस, वाटेत दोन मुक्काम. नदी इतकी संथ आहे की पाणी वाहतंय की नाही तेही कळत नाही, त्यामुळे धोका काही दिसत नाही. बाबा म्हणतात, ‘कृष्णेत पोहून मोठा झालोय, लाइफ जॅकेट पोरीला घाला, मला नको.’ बायको म्हणते, पोरीला नेऊ नका आणि तुम्हीही जाऊ नका. कुणाचं ऐकू आणि तयारी काय करू? जमलं तर पुढच्या वर्षी हीच नदी धरून कॅनडापर्यंत जायचा विचार आहे.
– एक फार्गोकर

उत्तर : फार्गोकर, आधी अंतराचं बोलते, कारण तुमचा बेत तिथेच मोडतो. ८० मैल हे इंटरस्टेट २९ वरून गाडीने जायचं अंतर. नदीला कुठे घाई आहे? ती वळणं घेत घेत जाते आणि तेच अंतर १५० मैलांच्या वर नेते. सामानाने भरलेली कनू, त्यात नवखे हात. प्रवाहाची मदत धरूनही ताशी अडीच-तीन मैलांपलीकडे जाणार नाही. दिवसात सहा तास खरोखर वल्हवलंत (खाणं, थांबणं, फोटो आणि भांडणं वगळून) तर पंधरा-सोळा मैल होतील. म्हणजे बेत तीन दिवसांचा नाही, चांगला दहा दिवसांचा आहे. शिवाय चौघं आणि सामान एका कनूत मावत नाही. दोन लागतील, आणि दुसरीत वल्हं कोण धरणार? घरात ज्यांची हरकत आहे त्याच. तेव्हा वहिनींना आधी विचारा.

आता ‘संथ म्हणजे धोका नाही’ याबद्दल. नदी संथ का आहे हे कळलं की तिच्यात अवघड काय आहे तेही कळतं. तुमचं फार्गो-मूरहेड वसलंय ते एका नाहीशा झालेल्या तलावाच्या तळावर. हिमयुगाच्या शेवटी वितळत्या बर्फाचं पाणी साठून इथे अ‍ॅगासी नावाचा प्रचंड तलाव झाला होता. तो निघून गेला आणि तळाशी बसलेली बारीक चिकणमाती मागे राहिली. तुमच्या खिडकीतून जी सपाटी दिसते आणि ज्या काळ्या मातीत बीट आणि गहू पिकतो, ती तीच. नदी वाहपेटन आणि ब्रेकनरिजपाशी सुरू होते आणि उत्तरेला, विनिपेग सरोवराकडे जाते. फार्गोच्या आसपास तिला मैलामागे जेमतेम पाच इंच उतार मिळतो. पुढे ड्रेटन-पेंबिनाकडे तर दीडच इंच. म्हणून ती रेंगाळते, वळते. आणि दोन्ही काठांना असते ती तीच तलावातली माती, भिजली की लोण्यासारखी आणि वाळली की विटेसारखी.

बाबांना हे असं सांगून बघा. सांगलीत कृष्णेला घाट आहेत. पाण्यात शिरायला पायऱ्या, बाहेर यायला पायऱ्या, दमलं तर टेकायला दगड. आयुष्यभर पोहलेला माणूस न कळत त्या पायऱ्यांच्या भरवशावर पोहत असतो. रेड नदीला घाट नाहीत. वळणाच्या बाहेरच्या अंगाला काठ उभा कापलेला, खालून पोखरलेला, वर हात धरायला गवतसुद्धा नाही. आतल्या अंगाला उथळ, सपाट, छान उतरण्याजोगी जागा दिसते. तिथे पाय टाकलात की गुडघ्यापर्यंत आत. पोहता येणं हा इथे निम्माच प्रश्न आहे. पोहून काठाला लागलेल्या ६८ वर्षांच्या माणसाला त्या चिखलातून वर कोण काढणार, हा उरलेला निम्मा.

म्हणून या नदीवरच्या सहलीचा बेत उलटीकडून आखायचा. आज किती मैल जाऊ, हा प्रश्न नंतरचा. आधी नकाशावर ज्या ज्या ठिकाणी कोरड्या पायांनी बाहेर पडता येतं त्या जागा मांडा : काँक्रीटचे रॅम्प, पार्कातले उतार, गावांचे धक्के. नदीच्या पलीकडच्या काठावर मिनेसोटा राज्य आहे; त्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाने ही नदी राज्याचा जलमार्ग म्हणून जाहीर केलेली आहे आणि तिचे नकाशे फुकट मिळतात. त्यात उतरायच्या जागा, मुक्कामाच्या जागा आणि नदीचे मैल दिलेले असतात. दोन रॅम्पमधलं अंतर तुमच्या दिवसभराच्या आवाक्यात बसत असेल तरच तो टप्पा तुमचा. वाहत जाऊ तिथे कुठेतरी तंबू ठोकू, हे इथे चालत नाही. काठ बहुतेक खासगी शेतांचे आहेत, आणि चढून वर जाणंच कठीण आहे. रॅम्प नकाशात असला म्हणजे झालं असंही नाही. पूर ओसरला की त्याच्यावर फूटभर गाळ बसलेला असतो. आदल्या आठवड्यात गाडीने जाऊन तो डोळ्यांनी बघून या. वाटेवरचे कच्चे रस्तेही त्याच मातीचे आहेत. पाऊस पडून गेल्यावर त्यावर गाडी घातलीत तर नदीपर्यंत पोचायच्या आधीच तुमची सहल संपेल.

चिखलात पाय रुतलाच तर ओढू नका. ओढलं की दुसरा रुततो. मागे टेकून किंवा सरळ बसून वजन पसरवा, पाय आतल्या आत हलवून बाजूने पाणी शिरू द्या आणि मग हळू काढा. वल्हं आडवं टाकून त्यावर भार दिला तर सोपं जातं. पायात बांधून घट्ट बसणारे जुने बूट हवेत. क्रॉक्स आणि चपला ही नदी ठेवून घेते.

दुसरा धोका झाडांचा. काठावर कॉटनवुड, एल्म, अ‍ॅश यांची दाट रांग आहे. काठ खचला की ती मुळांसकट पाण्यात येतात. पडलेल्या झाडाच्या फांद्यांतून पाणी आरपार जातं, कनू जात नाही आणि माणूसही जात नाही. प्रवाह मंद असला तरी तो थांबत नाही. आडव्या झालेल्या कनूला तो सावकाश, न चुकता त्या फांद्यांत दाबत राहतो. ही झाडं बहुतेक वळणाच्या बाहेरच्या बाजूला असतात. वळण यायच्या आधीच आतल्या बाजूला सरका आणि समोर काय आहे ते दिसल्याशिवाय गप्पा मारू नका. मुलीला पुढे बसवा आणि ओंडके सांगायचं काम तिच्याकडे द्या. अकरा वर्षांची मुलं ते मोठ्यांपेक्षा चोख करतात.

बंधाऱ्यांचं बाबांना जास्त समजावावं लागणार नाही. कृष्णा-पंचगंगेवरचे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आणि त्यांच्या खालचं फसवं पाणी त्यांना ठाऊक असेल. रेड नदीवरही असे बुटके बंधारे होते. दिसायला पाच-सहा फुटांची शांत पायरी, पण खाली पडलेलं पाणी उलटं फिरून पायथ्याशी येतं आणि सापडलेल्या माणसाला तिथेच घोळवत ठेवतं. पोहणाऱ्याचंही तिथे काही चालत नाही. बरीच माणसं गेल्यावर १९९० च्या दशकाच्या शेवटापासून हे बंधारे एकेक करून बदलले गेले. खालच्या बाजूला मोठमोठे दगड रचून पायरीचा उतार केला, त्यामुळे मासेही वर जाऊ लागले. फार्गोतला मिडटाउन, ग्रँड फोर्क्सचा रिव्हरसाइड हे त्यांतलेच. आता तिथे माणूस गिळणारं पाणी उरलेलं नाही, पण खळाळ आहे, आणि नवख्या माणसाने भरल्या कनूनिशी त्यातून जाऊ नये. आधीच काठाला लागायचं आणि कनू उचलून पलीकडे न्यायची. फार्गोच्या दक्षिणेला पूर वळवण्याच्या प्रकल्पासाठी नदीवरच मोठ्या दरवाज्यांचं बांधकाम आहे. त्या बाजूने कधी यायचं झालं तर वाट मोकळी आहे का, हे आधी विचारून घ्या.

मेमोरियल डेचा आग्रह सोडाच. नदी उत्तरेला वाहते, त्यामुळे वसंतात वरच्या भागातला, म्हणजे दक्षिणेचा, बर्फ आधी वितळतो आणि ते पाणी अजून गोठलेल्या उत्तरेकडे जाऊन तुंबतं. १९९७ च्या एप्रिलमध्ये ग्रँड फोर्क्सला पाणी ५४ फुटांवर गेलं आणि जवळजवळ सगळं शहर रिकामं करावं लागलं. २००९ मध्ये फार्गोत ४०.८४ फुटांचा उच्चांक झाला. तुमच्या ऑफिसात त्या वेळी वाळूच्या पिशव्या भरलेली माणसं अजून भेटतील. मेच्या अखेरीला पूर सहसा ओसरलेला असतो, पण पाणी गार असतं, काठ ओले आणि खचते असतात, आणि गवतात गोचीड भरपूर. जून-जुलैत डास. डास म्हणजे काय ते फार्गोत राहणाऱ्याला मी सांगायला नको, फक्त नदीकाठच्या झाडीत ते दुप्पट असतात हे धरून चला. त्यांच्यातून वेस्ट नाइलचा ताप येऊ शकतो, म्हणून पूर्ण बाह्यांचे कपडे, डोक्यावर जाळी आणि डीटचं मलम यांत काटकसर नको. मला विचाराल तर ऑगस्टच्या मध्यापासून लेबर डेपर्यंतचे (सप्टेंबरचा पहिला सोमवार) दिवस घ्या. पाणी खाली गेलेलं असतं, त्यामुळे चिखलाचा पट्टा रुंद दिसेल, हा त्यातला तोटा. पण पाणी कोमट असतं, डास कमी झालेले असतात आणि दिवस अजून लांब असतो.

निघायच्या आधी पाणीपातळी बघणं बाबांच्या अंगात असणार. पावसाळ्यात सांगलीकर सकाळी उठून ‘आयर्विनला किती फूट?’, म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती, हेच विचारतात. तिथे ४० फुटांना इशारा आणि ४५ ला धोका, तसं फार्गोच्या मापकावर पूरपातळी १८ फुटांपासून धरतात आणि ग्रँड फोर्क्सला २८. अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण खात्याचे पाणीपातळीचे आकडे दिवसभर ताजे होत असतात. माझा नियम सोपा आहे : आकडा चढता असेल तर जायचं नाही, मग तो कितीही खाली असो. वर कुठेतरी पाऊस झालाय आणि त्याच्यासोबत झाडं खाली येताहेत, असा त्याचा अर्थ. हे बघायचं काम बाबांकडेच द्या. जॅकेट नको म्हणणारा माणूस रोज सकाळी पातळी वाचायला लागला की आपोआप सावध होतो.

जॅकेटचा वाद कायद्यावर सोडवता येणार नाही. कायदा म्हणतो, कनूत माणसागणिक एक मापाचं जॅकेट असलं पाहिजे, आणि मिनेसोटात दहा वर्षांखालच्या, नॉर्थ डकोटात दहा वर्षांपर्यंतच्या मुलांनी ते अंगात घातलंच पाहिजे. म्हणजे बाबा ते मांडीखाली घेऊन बसले तर पोलीस काही करणार नाही. पण तुमची मुलगीही या वयोमर्यादेच्या बाहेर आहे, हे लक्षात आलं का? आजोबा घालत नसतील तर तीही काढेल आणि तिला दटावायला तुमच्याकडे काहीच उरणार नाही. बाबांना एवढंच सांगा, आणि एकट्याला गाठून सांगा, सगळ्यांदेखत नको. तेवढ्याने नाही ऐकलं तर ते काठावर आणि कनू पाण्यात. इथे भीड ठेवायची नाही.

त्यांच्या प्रवासी विम्याचे कागदही काढून वाचा. आई-वडिलांसाठी आपण घेतो त्या बऱ्याच विम्यांत साहसी खेळांचा खर्च वगळलेला असतो, आणि त्यात कनू मोडते का हे कंपनीला लेखी विचारलेलं बरं. अमेरिकेतल्या इमर्जन्सी रूमचं बिल तुम्हाला माहीत आहे.

वहिनींचं म्हणणं मला ‘जाऊ नका’ असं ऐकू येत नाही; ‘हा बेत घेऊन जाऊ नका’ असं ऐकू येतं, आणि त्यांचं बरोबर आहे. त्यांना पटेल असा बेत मी सुचवते. पहिल्यांदा जुलैतल्या एखाद्या शांत रविवारी लिंडनवूड पार्कातून पाण्यात उतरा आणि प्रवाहाच्या उलट, दक्षिणेकडे वल्हवत जा. होय, उलट. नदी इतकी मंद असण्याचा खरा फायदा हाच आहे की दुसरी गाडी पुढे नेऊन ठेवावी लागत नाही. तासभर वर जा, दमलात की वळा, नदी परत आणून सोडते. उत्तरेकडे जाऊ नका, तिकडे मिडटाउनचा खळाळ आहे. उलटं वल्हवताना कनू सरळ कशी ठेवायची ते हातांना कळतं, आणि घरात कुणाला हे आवडतंय, कुणाला नाही, तेही. त्या दिवशी काठाजवळच्या उथळ पाण्यात, रॅम्पपाशी, कनू मुद्दाम एकदा उलटवा. जॅकेट घालून सगळ्यांनी पाण्यात पडून बघायचं. मुलीला तर याचीच मजा वाटेल.

मग लेबर डेला ईस्ट ग्रँड फोर्क्सला गाडीने जा आणि रेड रिव्हर स्टेट रिक्रिएशन एरियात दोन रात्रींची जागा आधीच आरक्षित करून ठेवा. १९९७ च्या पुरात तिथली घरं गेली आणि लोकांना उठवून ती वस्ती पुन्हा न बांधता मोकळी ठेवली; आता त्याच जागी तंबू लागतात. कनू दिवसा न्यायची आणि संध्याकाळी त्याच रॅम्पला परत आणायची. रेड लेक नदी तिथेच रेड नदीला मिळते. संगमापासून रेड लेक नदीत वर जाऊन परतायचं, दुसऱ्या दिवशी रेडमध्ये दक्षिणेला. संगमाच्या खाली, उत्तरेला, रिव्हरसाइडचा बंधारा आहे, त्या अंगाला फिरकू नका. तंबू हलत नाही, सामान ओलं होत नाही, बाबा दमले तर खुर्ची टाकून बसतात आणि वहिनींना वाटलं तर त्या गाडी घेऊन गावात जातात. गळ टाकायची हौस असेल तर बाबांचा परवाना काढा. ही नदी मोठाल्या कॅटफिशसाठी प्रसिद्ध आहे, आणि पंचवीस पौंडांचा मासा बघून सांगलीचा माणूस पुढची दहा वर्षं तोच किस्सा सांगेल.

हे दोन्ही पार पडलं आणि अजून हौस उरली तर खरी मुक्कामाची सहल पुढच्या उन्हाळ्यात करा. दिवसाला बारा मैल, त्याहून जास्त नाही.

सामानात पाण्याचं वजन सगळ्यांत जास्त. नदीचं पाणी प्यायचं नाही. ते चहाच्या रंगाचं असतं, त्यात शेतांतलं खत-औषध उतरलेलं असतं आणि गाळामुळे गाळणी तासाभरात बंद पडते. माणशी रोजचे चार लिटर धरा. चौघांना तीन दिवसांचे ४८ लिटर, म्हणजे ४८ किलो. तो भार कनूच्या मध्यभागी, तळाशी बांधा. जेवणाचं म्हणाल तर नदीवर स्वयंपाक मांडायचा मोह आवरा. दुधात भिजवलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ, संध्याकाळी मेतकूट-भात. चिखलाच्या हातांनी पिठल्यात गुठळ्या होऊ नयेत म्हणून धडपडणारा माणूस मी पाहिलाय, त्याची दया येते. ढग गडगडले की जवळच्या रॅम्पला लागा आणि गाडीत बसा. या सपाटीवर वादळ दुरून दिसतं, पण यायला वेळ लावत नाही. कनू परत करताना तिच्यातलं पाणी पूर्ण काढून ती पुसून वाळवा, कारण या नदीत झेब्रा शिंपले शिरलेत आणि ते दुसऱ्या तळ्यात नेणं मिनेसोटात गुन्हा आहे. स्वतःची कनू विकत घेणार असाल तर दहा फुटांहून लांब असल्यास तिची मिनेसोटात नोंदणी लागते का, नॉर्थ डकोटाचे रहिवासी म्हणून सूट मिळते का, ते विचारून घ्या; भाड्याच्या कनूला ही कटकट नाही.

राहिलं कॅनडाचं. १९३० साली मिनियापोलिसचे दोन तरुण, शाळा नुकतीच संपवलेला एरिक सेव्हराइड आणि त्याचा मित्र वॉल्टर पोर्ट, याच नदीतून कनूने पार हडसन उपसागरापर्यंत गेले. एकूण प्रवास २,२५० मैलांचा. पुढे सेव्हराइड मोठा पत्रकार झाला. त्याचा पासपोर्ट भारताचा नव्हता, तुमचा असेल. पेंबिनाच्या पुढे थोड्याच अंतरावर सीमा आहे आणि पाण्यातून ओलांडली तरी ती सीमाच असते. तिकडे पोचल्यावर कॅनडाच्या अधिकाऱ्यांना कळवावं लागतं, परतताना अमेरिकेच्या. तुम्ही एच-वन-बी या कामाच्या व्हिसावर असाल तर परतीच्या प्रवेशाचा प्रश्न नदीकाठी चिखलात उभं राहून सोडवायची वेळ आणू नका. पेंबिनाला कनू पाण्याबाहेर काढा, गाडीवर बांधा आणि रस्त्याने सीमेवर जा. अमेरिकेचं ग्रीन कार्ड नसेल तर भारतीय पासपोर्टला कॅनडाचा व्हिसा आधी काढावा लागतो, बाबांचाही. त्याला वेळ लागतो, तेव्हा पुढच्या उन्हाळ्याचा विचार पक्का असेल तर अर्ज या हिवाळ्यातच टाका.